सहिष्णुता कीं समभाव?

मनुष्यजात एक आहे, हें वाक्य आज जितक्या वेळां उच्चारलें जातें तितक्या वेळां तें पूर्वीच्या कोणत्याही युगांत उच्चारलें गेलें नसेल. तें खोटें आहे असेंही कोणी म्हणत नाहीं. पुण्यांतील आजीबाई अमेरिकेंतील नातवाचें तोंड पाहून त्याच्याशीं रोज बोलतात. आणि जुन्या वाड्याच्या जागीं उभ्या राहिलेल्या इमारतींत आपल्या समोरच्या दारामागें कोण राहतो, हें त्यांस वर्षानुवर्षें ठाऊक नसतें. दूरचें जवळ आलें हें खरें. परंतु जवळचें जवळ आलें असें कांहीं म्हणवत नाहीं. सर्व जगाला बंधु म्हणणें सोपें असतें, कारण सर्व जग कांहीं आपल्या नळावर पाणी भरावयास येत नाहीं. जो येतो त्याचें आडनांव, जात आणि धर्म आपण आधीं विचारतों.

तेव्हां विश्वैक्याची चर्चा करावयाची तर ती दुरून न करतां जवळून करावी हें बरें. भिन्न धर्मांच्या, जातींच्या व वंशांच्या माणसांना खरोखर जोडूं शकेल अशी मनाची वृत्ति कोणती, हा मूळ प्रश्न आहे. त्यास सामान्यतः ‘सहिष्णुता’ असें उत्तर देण्यांत येतें. हें उत्तर पुरेसें आहे काय, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. आणि त्यासाठीं जिनीव्हा किंवा न्यूयॉर्क येथील सभागृहांकडे जाण्यापूर्वीं पुण्याच्या नदीपलीकडील येरवड्याकडे जाणार आहों. कारण हाच प्रश्न तेथें एकदां शब्दांत विचारला गेला, आणि दोनच वर्षांनीं त्याच भिंतींच्या आंत तो कृतींत विचारला गेला.

येरवड्याचें नांव निघालें कीं पुणेकराच्या ओठांवर हसूं येतें. तेथील मनोरुग्णालयामुळें ‘याला येरवड्यास पोंचवा’ हा आमच्याकडील घरगुती विनोद होऊन बसला आहे. परंतु त्याच येरवड्यांत १८७१ सालीं बांधलेला मध्यवर्ती तुरुंग आहे, आणि तेथून थोड्या अंतरावर, नगर रस्त्याला लागून, आगाखानांचा वाडा आहे. आमच्या प्रश्नाचा जो इतिहास या दोन वास्तूंनीं पाहिला आहे, तो फार थोड्या विद्यापीठांनीं पाहिला असेल.

मे १९३० मध्यें मिठाच्या सत्याग्रहांत पकडल्यावर गांधीजींना या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. तेथून ते साबरमतीच्या आश्रमवासीयांस दर आठवड्यास पत्र लिहीत आणि त्यांत आश्रमाच्या एकेका व्रताचें विवरण करीत. मंगळवारीं पहाटेच्या प्रार्थनेनंतर लिहिलेलीं म्हणून त्या गुजराती पत्रांच्या संग्रहास ‘मंगळप्रभात’ असें नांव मिळालें. तुरुंगास ते मंदिर म्हणत. सप्टेंबर १९३० मध्यें परधर्माविषयींच्या वृत्तीचें व्रत विवेचनास आलें, तेव्हां गांधीजी नांवापाशींच अडले. ‘सहिष्णुता’ हा एका इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द म्हणून आलेला शब्द त्यांना रुचेना. साताऱ्यास जन्मलेले, मराठी मातृभाषेचे, आणि तरीही गुजरातीचे थोर गद्यलेखक ठरलेले काकासाहेब कालेलकर त्या वेळीं तुरुंगांत त्यांच्या सोबतीस होते. त्यांनाही तो रुचला नव्हता. काकासाहेबांनीं ‘आदर’ सुचविला. तोही गांधीजींना पटला नाहीं. सहिष्णुतेंत दुसऱ्याचा धर्म आपल्याहून उणा आहे असें गृहीत धरलेलें असतें, आणि आदरांतही कृपेचा अंश डोकावतो, असें त्यांचें म्हणणें होतें. शेवटीं ‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द स्थिरावला.

शब्दांची ही चिकित्सा कित्येकांस केवळ वैयाकरणाची हौस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ‘सह्’ धातूचा अर्थ सोसणें. मनुष्य काय सोसतो? तो ऊन सोसतो, दातदुखी सोसतो, सावकाराचा तगादा सोसतो. जें आवडतें तें कोणी सोसत नाहीं. शेजाऱ्याचा धर्म आम्ही सोसतों असें म्हणणें म्हणजे तो आम्हांस दुखतो, परंतु आम्ही सभ्य असल्यामुळें ओरडत नाहीं, असें म्हणणें होय. आणि सोसण्यास नेहमीं मर्यादा असते. ती केव्हां संपली हें सोसणाराच ठरवितो.

सहिष्णुतेचें मोल आम्ही नाकारीत नाहीं. जेथें दंग्याची आग लागली आहे तेथें निदान एकमेकांना सोसा एवढें शिकविणारा मनुष्यही देवदूतासारखाच. युरोपांतील धर्मयुद्धांनंतर तेथील राष्ट्रें हेंच शिकलीं. परंतु त्यांचाच इतिहास या गुणाचें उणेंपण दाखवितो. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीनें १५९८ सालीं नांत येथील फर्मानानें प्रॉटेस्टंटांना मोकळीक दिली. त्याचा नातू चौदावा लुई यानें १६८५ सालीं ती काढून घेतली. इंग्लंडांत १६८९ सालीं सहिष्णुतेचा कायदा झाला; त्यांत रोमन कॅथॉलिकांना व त्रैक्य न मानणाऱ्यांना स्थान नव्हतें. जें कृपेनें दिलें जातें तें इच्छेस येईल तेव्हां परत घेतां येतें, आणि कोणास द्यावें, कोणास वगळावें, हेंही देणाराच ठरवितो. सहिष्णुतेच्या घरांत एक मालक असतो आणि बाकीचे बिऱ्हाडकरू असतात.

मग आदर कां पुरेसा नाहीं? महाराष्ट्रीय वाचकास याचें उत्तर दूर शोधावें लागणार नाहीं. आमच्या संतपरंपरेचा आम्हांस अभिमान आहे, आणि तो यथार्थ आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ मराठीनें आपला मानला. इंग्लंडांत जन्मलेल्या फादर स्टीफन्स यांनीं गोमंतकांत राहून ओवीवृत्तांत ‘ख्रिस्तपुराण’ रचलें आणि तें १६१६ सालीं छापलें गेलें. चोखामेळा यांचे अभंग सर्व वर्णांच्या वारकऱ्यांनीं तोंडपाठ केले. परंतु त्याच चोखोबांची समाधि पंढरपुरास महाद्वाराच्या पायरीशीं आहे, आणि त्यांच्या जातबांधवांना सहाशें वर्षें त्या पायरीवरून आंत जातां आलें नाहीं. १९४७ सालच्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं प्राण पणास लावून उपोषण केलें तेव्हां तें दार उघडलें. चोखोबांविषयीं महाराष्ट्राला आदर नव्हता असें कोण म्हणेल? आदर अपरंपार होता. परंतु आदर पायरीपर्यंत गेला आणि थांबला. पाहुण्याला आपण पाट मांडतों, पहिला घांस त्याच्या ताटांत वाढतों. घराच्या सात-बाऱ्यावर मात्र त्याचें नांव चढवीत नाहीं.

आतां समभावाकडे वळूं. त्याच्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाहीं. सर्व धर्म सारखे म्हटले म्हणजे सत्य-असत्याचा निवाडा संपला. मग कोणत्याही मतासाठीं कोणीं झिजावें कशाला? एक धर्म पुनर्जन्म मानतो, दुसरा मानीत नाहीं. एक मूर्ति पूजितो, दुसरा तिला पाप समजतो. दोन्ही सारखींच खरीं, असें म्हणणारा मनुष्य उदार नसून आळशी आहे, असें तर्कशास्त्राचा कोणताही विद्यार्थी म्हणेल. यास गांधीजींचें उत्तर असें होतें कीं, पूर्ण सत्य एकच असलें तरी तें अपूर्ण माणसांच्या हातून प्रकट होतें, म्हणून सर्व धर्म थोडेफार अपूर्ण. आपलाही त्यांतच आला. हें उत्तर नम्रतेचें आहे. तथापि आक्षेपाचें पूर्ण निरसन त्यानें होतें असें आम्हांस वाटत नाहीं.

अधिक नेमकें उत्तर आमच्या मतें याच पुण्यांत त्यापूर्वीं चाळीस वर्षें देऊन ठेवलेलें होतें. महात्मा फुले यांचें ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत त्यांनीं एक कुटुंब कल्पिलें आहे. बायकोनें बौद्ध ग्रंथ वाचून वाटल्यास तो धर्म घ्यावा, नवऱ्यानें बायबल वाचून ख्रिस्ती व्हावें, मुलीनें कुराण वाचून मुसलमान व्हावें, मुलानें सत्यधर्माचा स्वीकार करावा, आणि या सर्वांनीं एकमेकांचा हेवा न करतां एका घरांत प्रेमानें राहावें. यांत सर्व मतें सारखींच खरीं असें कोठेंही म्हटलेलें नाहीं. उलट, प्रत्येकानें वाचावें, निवड करावी, आणि जें पटेल तेंच घ्यावें असें आहे. सारखेपणा आहे तो मतांचा नसून माणसांचा आहे. चुलीपाशीं, ओट्यावर आणि माजघरांत प्रत्येकास असलेल्या जागेचा आहे. समभावाचा अर्थ आम्ही असा घेतों: मी तुझें मत खोडून काढीन, परंतु तुझी जागा माझ्या जागेहून तिळभरही खालीं मानणार नाहीं. असा अर्थ घेतला म्हणजे तर्कशास्त्राचा आक्षेप उरत नाहीं. मात्र त्याच्या जागीं एक अधिक अवघड गोष्ट उभी राहते. जागा सारखी करावयाची म्हणजे ज्याच्याजवळ ती अधिक आहे त्याला आंकसावें लागतें. समभावास किंमत पडते, आणि ती ज्याच्याकडे आहे त्यालाच द्यावी लागते.

ही किंमत किती जड असते हें दोनच वर्षांनीं त्याच तुरुंगांत दिसलें. मधला काळ ध्यानांत आणावा. ज्यांना त्या वेळीं अस्पृश्य म्हणत त्यांनीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी घेतलें. १९२९ सालीं पुण्याच्या पर्वतीवरील देवळासाठीं सत्याग्रह झाला. २ मार्च १९३० रोजीं नाशिकच्या काळाराम मंदिरापुढें सत्याग्रह सुरू झाला, आणि तो पुढें कांहीं वर्षें चालला. म्हणजे येरवड्याहून समभावाचीं पत्रें जात होतीं, त्याच वर्षीं नाशिकचीं दारें बंद होतीं.

ऑगस्ट १९३२ मध्यें ब्रिटिश सरकारचा जातीय निवाडा जाहीर झाला. त्यानें दलित वर्गांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा व त्यांसाठीं स्वतंत्र मतदारसंघ दिले; शिवाय सर्वसाधारण मतदारसंघांतही त्यांचें मत राखलें. यामुळें हिंदु समाज कायमचा दुभंगेल, असें म्हणून गांधीजींनीं २० सप्टेंबर रोजीं येरवड्यास प्राणांतिक उपोषण आरंभिलें. तुरुंगाच्या आवारांतील आंब्याच्या झाडाखालीं त्यांची खाट होती. तेथेंच वाटाघाटी झाल्या. २४ सप्टेंबर रोजीं करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले; त्यांऐवजीं संयुक्त मतदारसंघांत १४८ राखीव जागा आल्या, आणि उमेदवारांची पहिली निवड दलित मतदारांनींच करावी असें ठरलें. २६ तारखेस सरकारनें करार मान्य केल्यावर, रवींद्रनाथ टागोर भेटीस आले असतां, उपोषण सुटलें.

या घटनेची कथा बहुधा ऐक्याचा विजय म्हणून सांगितली जाते. आम्ही ती तितक्या सहजपणें सांगूं शकत नाहीं. एका पक्षास ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक नसेल तर झालेल्या संमतीस काय अर्थ? देशांतील सर्वांत पूज्य मनुष्याचा प्राण तराजूंत असतांना, आणि तो गेल्यास गांवोगांवच्या निराधार वस्त्यांवर काय कोसळेल हें दिसत असतांना, एक्केचाळीस वर्षांच्या डॉ. आंबेडकरांना केवढी मोकळीक उरली होती? त्यांनीं पुढें या कराराची कठोर चिकित्सा केली, आणि त्यांचा मुख्य मुद्दा आजही खोडून काढतां येत नाहीं. स्वतंत्र मतदारसंघ मागणाऱ्यास फूट प्रिय होती असें नव्हे. गांवाच्या शिवेबाहेर त्याची वस्ती आधींच होती. त्याचा पाणवठा निराळा होता, स्मशान निराळें होतें. ज्यांनीं हजार वर्षें वेगळें ठेविलें, त्यांनींच वेगळ्या मतपेटीस तेवढें फुटीरपण म्हणावें, यांत न्याय कोठें आहे?

उलट बाजूही मांडली पाहिजे. गांधीजींचा रोख सवर्ण हिंदूंच्या सदसद्विवेकबुद्धीवर होता, आणि तिला त्या आठवड्यांत खरोखरच जाग आली. अनेक देवळें, अनेक विहिरी खुल्या झाल्या. २५ सप्टेंबरला मुंबईस मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखालील सभेनें ठराव केला कीं, यापुढें जन्मामुळें कोणास अस्पृश्य मानूं नये. विहिरी, शाळा, रस्ते व इतर सार्वजनिक संस्था यांवर सर्वांचा सारखा हक्क राहील. तेव्हां त्या सहा दिवसांत दोन वस्तू निर्माण झाल्या असें आम्हांस दिसतें. एक भावनेची लाट. दुसरी एकशेंअठ्ठेचाळीस जागा. लाट ओसरली. जागा राहिल्या, कारण त्या कोणीतरी सोडल्या होत्या आणि तसें कागदावर लिहून दिलें होतें.

पुणें करार हें ऐक्य नव्हतें. तो ऐक्याचा रोखा होता. सवर्ण समाज ऋणको, दलित समाज धनको. रोखा लिहून दिल्यानें कर्ज फिटत नाहीं. तीन वर्षें वाट पाहून १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास डॉ. आंबेडकरांनीं हिंदु म्हणून मरणार नाहीं असा निश्चय जाहीर केला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. देणेकऱ्यानें फेड केली नाहीं तेव्हां धनको उठून गेला, आणि जातांना आपली मानखंडना तेथेंच टाकून गेला. मुंबईच्या ठरावांतील वचन कायदा झालें तें २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें. आणि त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकरच होते. ऋणकोचें वचन शेवटीं धनकोच्या लेखणीनें पाळलें जावें, ही गोष्ट ऋणकोस फारशी भूषणावह नाहीं.

किंमत देण्याचें एक निराळें उदाहरण याच तुरुंगाशीं संबद्ध आहे. ज्या १९३० सालीं गांधीजी पत्रें लिहीत होते, त्याच सालीं कायदेभंगांत शिक्षा होऊन महर्षि विठ्ठल रामजी शिंदे येरवड्यास होते. तरुणपणीं ते ऑक्सफर्डला धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आले होते, आणि १९०३ सालीं ॲमस्टरडॅम येथें भरलेल्या उदार धर्मपंथांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत प्रार्थनासमाजाचे प्रतिनिधि म्हणून बोलले होते. विश्वधर्माची ती भाषा ऐकून आलेला मनुष्य पुढें जन्मभर परिषदाच भरवीत बसला असता तर कोणी दोष दिला नसता. शिंदे यांनीं १९०६ सालीं मुंबईस निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापिली आणि दलित वस्त्यांतील शाळा-वसतिगृहांस वाहून घेतलें. आम्हांस त्यांच्या चरित्रांतील याहूनही थोर वाटणारी गोष्ट १९२३ ची आहे. संस्थेचा कारभार आमच्याच लोकांच्या हातीं असावा, असें दलितांतील पुढारी म्हणूं लागले, तेव्हां स्वतः उभारलेल्या संस्थेचें चालकत्व त्यांनीं सोडलें. दुसऱ्याची सेवा करणारे पुष्कळ असतात. सेवेची खुर्ची रिकामी करून देणारे थोडे.

तुरुंगाकडून आतां आगाखानांच्या वाड्याकडे येऊं. ही भव्य वास्तु १८९२ सालीं इस्माइली पंथाचे इमाम तिसरे आगाखान सुलतान महंमदशहा यांनीं बांधविली. १९०६ सालीं सिमल्यास व्हाइसरॉयकडे जें शिष्टमंडळ गेलें त्याचे हे नेते. मुसलमानांस स्वतंत्र मतदारसंघ असावे ही मागणी त्या शिष्टमंडळानेंच केली. राजकारणांत त्यांची व गांधीजींची वाट एक नव्हती. १९३७ सालीं ते राष्ट्रसंघाच्या सभेचे अध्यक्ष झाले. मनुष्यजातीच्या ऐक्यासाठीं स्थापिलेल्या संस्थेच्या उच्चासनावर येरवड्याच्या या वाड्याचा धनी बसला. दोनच वर्षांत महायुद्ध पेटलें, आणि ऑगस्ट १९४२ मध्यें इंग्रज सरकारनें त्याच वाड्याचा तुरुंग करून गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन इत्यादिकांस तेथें ठेविलें. १५ ऑगस्ट १९४२ रोजीं महादेवभाई तेथें वारले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं कस्तुरबा वारल्या. दोघांचे अंत्यविधि वाड्याच्या आवारांतच झाले आणि समाध्याही तेथेंच आहेत. इस्माइली इमामाच्या अंगणांत दोन हिंदूंच्या समाध्या, आणि त्यांच्या तेथील बंदिवासांत सोबतीस इंग्रज दर्यासारंगाची कन्या मीराबेन, असें हें ठिकाण आहे.

परंतु हें सर्व परिस्थितीनें घडविलें. त्यांत कोणाच्या पुण्याईचा भाग नाहीं. पुण्याईचा भाग पुढें आला. १९६९ सालीं तिसऱ्या आगाखानांचे नातू चौथे आगाखान शहा करीम यांनीं हा वाडा, त्याच्या विस्तीर्ण बागेसह, गांधीजींच्या स्मरणार्थ भारतीय जनतेस देऊन टाकला. आजोबांच्या राजकीय प्रतिपक्षाच्या स्मृतीसाठीं नातवानें आपलें घर सोडलें. सर्वधर्मसमभावावर व्याख्यानें पुष्कळ झालीं असतील. हें त्यांपैकीं व्याख्यान नव्हे, हें खरेदीखताच्या उलट लिहिलेलें दानपत्र आहे.

आतां विश्वैक्याच्या मूळ प्रश्नाकडे परत येण्यास आम्ही सिद्ध झालों. राष्ट्रसंघ कां कोसळला याचीं राजकीय कारणें इतिहासकारांनीं दिलीं आहेत. त्याच्या जन्माच्या वेळची एक घटना मात्र आमच्या विषयाशीं फार निकट आहे. १९१९ सालीं पॅरिस येथें त्याच्या घटनेचा मसुदा होत असतां, सर्व राष्ट्रांस समान वागणुकीचें तत्त्व त्यांत नमूद करावें, अशी सूचना जपाननें मांडली. गोऱ्या वंशाचें श्रेष्ठत्व त्यामुळें कागदोपत्रीं तरी संपलें असतें. सतरापैकीं अकरा मतें सूचनेच्या बाजूनें पडलीं. अध्यक्ष विल्सन यांनीं एकमत नाहीं म्हणून ती नामंजूर ठरविली. जगाच्या ऐक्याची इमारत ज्या दिवशीं उभारली जात होती, त्याच दिवशीं तिच्या विहिरीवर कोणीं पाणी भरावें हा जुना वाद निघाला, आणि तो गांवच्या रीतीप्रमाणेंच मिटविण्यांत आला. १९४५ सालीं स्थापिलेल्या संयुक्त राष्ट्रसंघांतही पांच राष्ट्रांनीं नकाराधिकार आपल्या हातीं ठेविला, आणि तो आजही त्यांच्याच हातीं आहे. सर्वांस सारखें म्हणावयाचें, परंतु स्वतःची बैठक हातभर उंच ठेवावयाची, हीच ती पायरीवरची सहिष्णुता.

तरीही निराश होण्याचें कारण नाहीं. १० डिसेंबर १९४८ रोजीं मानवी हक्कांचा जो जाहीरनामा संमत झाला, त्याच्या पहिल्या कलमांत इंग्रजी मसुद्यांत आरंभीं ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊं शकेल असा शब्द होता. भारताच्या प्रतिनिधि हंसा मेहता यांनीं आग्रह धरून तो ‘सर्व मानव’ असा करविला. पुरुष या शब्दांत स्त्रियाही आल्याच, असें समजावणारे तेव्हांही होते. येरवड्याच्या कोठडींत एका शब्दापाशीं अडून बसणें आणि जगाच्या सभेंत एका शब्दापाशीं अडून बसणें, हीं दोन्हीं एकाच जातीचीं कामें होत. शब्द सुटला म्हणजे त्याच्या मागून जागाही सुटते.

यावरून समभावाच्या दोन कसोट्या निघतात. पहिली, ज्यानें समभाव सांगितला त्यानें स्वतःजवळचें कांहीं सोडलें काय? दुसरी, ज्याला जागा मिळाली त्यास आभार मानावे लागले काय? मानावे लागले असतील तर ती कृपा झाली. या कसोट्या राष्ट्रांना लावतां येतात, आणि आमच्यासारख्या सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांनाही लावतां येतात. आमच्या दिवाणखान्यांत बुद्धाची मूर्ति असते, नाताळांत मुलांसाठीं केक येतो, ईदेस मित्राकडील शीरखुर्मा आम्ही आवडीनें खातों. हें सर्व चांगलेंच आहे. परंतु रिकामी सदनिका भाड्यानें देण्याची वेळ आली, आणि विचारणारा मनुष्य पगारानें, स्वभावानें, सर्व बाजूंनीं योग्य असला, म्हणजे मग आम्ही त्याचें आडनांव ऐकून किती क्षण थांबतों? तो क्षणच आमचा खरा धर्म सांगतो.

वर्तमानपत्रांतील वधूवरांच्या जाहिरातींत एक ओळ कित्येकदां आढळते. आरंभीं लिहिलेलें असतें, ‘आंतरजातीय चालेल’. वाचणाऱ्यास संतोष वाटतो. पुढें अमुक एका वर्गाचें नांव असतें, आणि त्यापुढें एकच शब्द: ‘क्षमस्व’. शिवी नाहीं, तिरस्कार नाहीं. उलट संस्कृतांतील अत्यंत विनयाचा शब्द. सहिष्णुता यापेक्षां अधिक सभ्य होऊं शकेल असें आम्हांस वाटत नाहीं, आणि तिची धांव यापलीकडे जात नाहीं. वाचकांनीं विश्वबंधुत्वावरील पुढचें व्याख्यान ऐकावयास अवश्य जावें. मात्र जाण्यापूर्वीं घरांत बसून एवढें ठरवावें कीं, आपल्या घरच्या जाहिरातींत हा शब्द असेल कीं नसेल.